इडलीपात्रात उरलेला स्क्रू

मास्टरांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या मागच्या सीटा बनवल्या, पण चालत्या गाडीत मागच्या सीटवर ते स्वतः कधी बसत नसत. रिक्षा त्यांनी त्याच कारणासाठी वर्ज्य केली होती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून जोगेश्वरी पूर्वेच्या दुकानापर्यंत ते बसने येत आणि बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीशी उभे राहत, जागा रिकामी असली तरी. कारण विचारलं तर म्हणत, "पुढे असलं की काय येतंय ते दिसतं, ताई. मागे असलं की नुसतं कळतं."

मास्टरांना जाऊन दीड वर्ष झालं. घरच्या कॉटवर, झोपेत गेले. ज्या गोष्टींची त्यांना जन्मभर भीती वाटली, त्यांपैकी एकीनेही त्यांना गाठलं नाही.

त्या गोष्टी बऱ्याच होत्या. पाणी, पेट्रोल, लिफ्ट, चार्जिंगला लावलेली बॅटरी, उतारावर उभी केलेली गाडी. कोळ्याच्या घरात जन्मून समुद्राला भिणारा माणूस म्हणून कोळीवाड्यात त्यांची लहानपणापासून चेष्टा झाली. दोघे थोरले भाऊ बोटीवर जात, हे किनाऱ्यावर बसून जाळी शिवत. जाळ्याच्या सुईवर तयार झालेला हात पुढे रेक्झिनवर आला, एवढंच त्यांचं शिक्षण. त्यांच्या बायकोला सगळे मास्टरीणबाई म्हणत. त्या मासळी बाजारात बसत आणि दुपारी पाटी रिकामी झाली की डबा घेऊन दुकानात येत. आल्या की दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगत, "पाण्याला भितो, पेट्रोलला भितो, लिफ्टमध्ये चढत नाही. माझ्याशी लगीन करायला कसा धजला, देव जाणे."

"तेव्हा लहान होतो. कळत नव्हतं," मास्टर तोंडात टाचण्या धरूनच उत्तर देत.

दुकान म्हणजे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीतलं शटर. आत शिवणाचं मोठं मशीन, फोमचे तक्के, रेक्झिनची भेंडोळी. गाडीचं काम बाहेर, ताडपत्रीखाली. आजूबाजूला गॅरेजं होती आणि तिथले मेकॅनिक त्यांना तोंडावर 'डरपोक मास्टर' म्हणत. मास्टरांना त्याचं काही वाटत नसे. गाडी आली की पहिल्यांदा ते बॅटरीची वायर काढून ठेवत, एक सीटकव्हर बदलायचं असलं तरी. शेजारचा मेकॅनिक ओरडे, "मास्टर, सीटला करंट लागतो काय?" मास्टर म्हणत, "मला भीती वाटतेय ना? मग काम बरोबर चाललंय."

हे वाक्य ते दिवसातून दोन-तीनदा तरी म्हणत. ऐकणारा हसत असे. मीही हसले आहे.

आमची गाडी त्यांच्याकडे गेली ती आईमुळे. गाडी वडिलांनी घेतलेली, आकाशी रंगाची, गोल दिव्यांची. एके काळी या शहरात मुख्यतः दोनच जातीच्या गाड्या दिसत, त्यांतली ही लहान. वडील गेल्यानंतर ती मुलुंडला सोसायटीच्या आवारात कव्हरखाली उभी असे आणि माझा मोठा भाऊ, दादा, रविवारी तिला एक फेरी मारून आणत असे. मग आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांची सूचना स्पष्ट होती: खुबा गुडघ्याच्या खाली जाईल अशा आसनावर बसायचं नाही, बसल्यास सांधा निखळू शकतो. गाडीची मागची सीट इतकी खचली होती की त्यात बसलेल्या माणसाचे गुडघे छातीशी येत. आठवड्यातून दोनदा आईला व्यायामासाठी न्यायचं होतं. दर वेळी भाड्याच्या गाडीत बसायला ती तयार नव्हती.

"विकून टाकू या ना, यार," दादा म्हणाला.

"तू सांग आईला."

"मी कशाला? तुझं ऐकते ती."

आईने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. "तुमच्या वडिलांनी मला त्या गाडीतून कधी उतर म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा."

विकायचा विषय तिथेच संपला. जुनी सीट काढून तिथे दुसऱ्या एखाद्या उंच गाडीची सीट बसवायची असं ठरलं. हे काम तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी एका दिवसात करून देतो म्हणून सांगितलं. मास्टरांनी तीन आठवडे मागितले, म्हणून गाडी त्यांच्याकडे दिली.

त्यांनी गाडीला हात लावण्याआधी तिचा वास घेतला. चारही दारं उघडून, प्रत्येक दारातून आत डोकं घालून, डोळे मिटून. मग डिकी उघडली आणि तिथे बराच वेळ वाकून राहिले. वर आले ते विचारत, "टाकीत किती आहे?"

"पाव टाकी असेल," दादा म्हणाला.

"मग आज घेऊन जा. रिकामी करून आणा. इथून पंपापर्यंत जाईल एवढंच ठेवा, थेंब जास्त नको." दादाच्या कपाळावरची आठी त्यांना दिसली असावी. त्यांनी त्याला डिकीजवळ बोलावलं आणि डावीकडच्या कोपऱ्यात उभा असलेला पत्र्याचा डबा दाखवला. "ही टाकी. त्याच्या पुढे मागची सीट. मधे काय आहे? पुठ्ठा. इतकी वर्षं तुम्ही पेट्रोलला पाठ टेकून बसलात, साहेब."

दुसऱ्या दिवशी गाडी रिकाम्या टाकीने गेली.

आईचं माप घेण्याची त्यांची पद्धत अशी. त्यांनी तिला दुकानात बोलावलं, प्लास्टिकची एक खुर्ची मांडली आणि म्हणाले, "बसा आई. आता उठा. कुणी हात द्यायचा नाही." आई उठू शकली नाही. खुर्चीवर दुसरी खुर्ची आली. आई उठली, पण दाराची चौकट धरून. तिसरी आली. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून उठली आणि स्वतःच दचकली. मास्टरांनी जमिनीपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत टेप लावली आणि आकडा शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहिला. एकवीस.

"ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा," आई म्हणाली.

"गाडीतही असंच उठाल. नाही उठलात तर सीट माझ्याकडे ठेवा."

कुर्ल्याच्या भंगारबाजारात तीन चकरा मारून त्यांनी एका अलीकडच्या उंच गाडीची मागची सीट आणली. पाठ पुढे दुमडणारी, पट्ट्यांसकट. ती आमच्या गाडीपेक्षा दोन इंच रुंद निघाली. सांगाडा कापून सीट बसवता आली असती. तसं गल्लीतले सगळे करत. मास्टर म्हणाले, "सीट कापायची नाही. जोर आला की कापलेल्या ठिकाणीच तुटते. आपण भिंती सरकवू." म्हणून बाजूची दोन्ही पॅनेलं आणि दारांची पॅनेलं त्यांनी नव्याने बनवली, जुन्यापेक्षा पातळ. दाराचा हात टेकायचा कट्टा चार बोटं खाली आणला, आईच्या मनगटाच्या उंचीला. उजव्या दाराच्या जुन्या पॅनेलमागे वर्तमानपत्राची एक जाड घडी निघाली. काचेची खडखड थांबावी म्हणून वडिलांनीच ती कोंबली असणार. मी ती परत तिथेच ठेवायला सांगितली. मास्टरांनी घडी माझ्या हातात दिली. "आठवण पर्समध्ये ठेवा, ताई. दारात कागद पेटतो."

पुठ्ठ्याच्या जागी त्यांनी प्लायची फळी घातली. नव्या सीटच्या पाठीचा भार घेण्यासाठी फळीवर वरच्या बाजूला लाकडी पट्टी होती. त्या पट्टीसाठी दीड इंचाचे लांब स्क्रू. फळीच्या कडांना अर्ध्या इंचाचे आखूड स्क्रू. डावीकडे खाली, जिथे मागे टाकी होती, तिथेही आखूडच. फळी आणि टाकी यांच्यात एक बोट अंतर होतं.

स्क्रू ठेवायला त्यांच्याकडे मास्टरीणबाईंचं टाकाऊ इडलीपात्र होतं. चार थाळ्या, प्रत्येकीत चार खळगे. प्रत्येक पॅनेलचा एक खळगा. काढलेला स्क्रू त्या खळग्यात, लावायचा स्क्रू त्याच खळग्यातून. नवे स्क्रू मोजून घालायचे, वरचे दोन-तीन राखीव वेगळे. काम संपलं की पात्र उघडायचं, प्रत्येक खळगा मोजायचा आणि मगच गाडीची किल्ली द्यायची. हा नियम मी तीन आठवड्यांत त्यांना दुसऱ्या गाड्यांसाठी चार वेळा पाळताना पाहिला. एकदा एक बटण कमी भरलं म्हणून त्यांनी एका डॉक्टरांना पाऊण तास उभं केलं. बटण त्यांच्याच चपलेखाली होतं.

गाडी न्यायचा दिवस बुधवार. दादा आणि आई साडेअकराला आले, मी अंधेरीच्या ऑफिसातून थोडा वेळ काढून. जुनी सीट टाकून द्यायला आई तयार नव्हती, गॅलरीत ठेवू म्हणाली. सीटसाठी एक टेम्पो सांगितला होता. ती सीट मुलुंडला रवाना करून ऑफिसला परतायचं असं माझं ठरलं होतं.

आई गाडीत बसली. पाठ टेकली, दाराच्या कट्ट्यावर मनगट ठेवलं. मग पाय बाहेर काढून, कुणाचाही हात न घेता उठून उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "मास्टर, हे बसले असते ना इथे, तर तुमची पाठ थोपटली असती," ती म्हणाली. 'हे' म्हणजे वडील.

फळीचे शेवटचे दोन स्क्रू लावायचे राहिले होते. मास्टरांनी सीटची पाठ पुढे दुमडली, इडलीपात्रात हात घातला आणि आईशी बोलत बोलत दोन्ही स्क्रू पिळले. वडील काय करत, गाडी कधी घेतली, महाबळेश्वरच्या घाटात ती कशी तापली होती, आई सांगत होती आणि ते तिच्याकडे बघत ऐकत होते. मी त्यांना प्रथमच कामाकडे न बघता काम करताना पाहत होते. ते मला तेव्हा छान वाटलं, हेही नोंदवायला हवं.

त्यानंतर आणखी एक गोष्ट मी केली. मास्टर पात्राकडे वळले तेव्हा म्हणाले, "पाच मिनिटं, मोजून घेतो." मी म्हटलं, "मास्टर, आई उन्हात उभी आहे."

त्यांनी आईकडे पाहिलं. मग डिकी उघडून वास घेतला, नेहमीइतकाच वेळ. फक्त नव्या रेक्झिनचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास येत होता. त्यांनी किल्ली दिली.

"वाटेत टाकी फुल करतो आणि लिंक रोडने सरळ मुलुंड," दादा म्हणाला. तेव्हा बारा चाळीस झाले होते. वेळ लक्षात ठेवायची सवय नोकरीची आहे.

टेम्पोवाला जुनी सीट चढवत होता. मास्टर आत जाऊन इडलीपात्र उघडून बसले. मी पाणी पीत होते. ते एकदम गप्प झाल्याचं जाणवलं, कारण मोजताना ते पुटपुटत असत. त्यांनी चौथी थाळी माझ्यासमोर धरली. रिकाम्या असायला हव्या असलेल्या खळग्यात एक आखूड स्क्रू होता. मग पहिली थाळी. लांब स्क्रू राखीव तीन ठेवले होते. दोन होते.

"टाकीकडचा," मास्टर म्हणाले. "टाकीकडे लांब गेला."

"पण तुम्ही वास घेतलात."

"टाकी रिकामी होती, ताई. रिकाम्या टाकीतून काय येणार? आता भरतील." थाळीतले स्क्रू वाजत होते. "मीच सांगितलं रिकामी आणा."

दादाला फोन केला. गाडी चालवताना तो फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात, आवाज बंद करून ठेवतो. या शिस्तीबद्दल घरात त्याचं कौतुक होतं. आईचा फोन बंद होता. बॅटरी वाचावी म्हणून ती तो बाहेर पडताना बंद करते. मी आलटून पालटून दोन्ही नंबर लावत राहिले. तोवर मास्टर शटर उघडं टाकून टेम्पोत पुढे चढून बसले होते.

पुढे आम्ही तिघं, मागे जुनी सीट. टेम्पोवाल्याला नीट काही सांगितलं नव्हतं. मास्टरांच्या चेहऱ्याकडे बघून त्याने विचारलंही नाही. लिंक रोडवर मेट्रोच्या खांबांच्या कडेने गर्दी चालू होती. मास्टर दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून, काचेला कपाळ लागेल इतके पुढे झुकून बसले होते. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ती मला सांगत होते असं वाटत नव्हतं. "हाताला लागलं होतं. शेवटचे दोन आटे जड गेले. हाताला लागलं होतं. मला वाटलं, प्लाय आहे."

डाव्या हाताच्या पहिल्या पंपावर उतरून मी विचारलं, निळी, जुनी, लहान गाडी आली होती का.

"आली होती ना. झकास गाडी आहे," पंपावरचा माणूस म्हणाला. "मागे आजी बसल्या होत्या. फुल केली. दहा मिनिटं झाली असतील."

परत येऊन मी टेम्पोत बसले.  बातमीदारीच्या पेशात अपघाताच्या बातम्या मी पुष्कळ लिहिल्या आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो: वेळ, ठिकाण, वाहन, वय. पुढची काही मिनिटं ती बातमी माझ्या डोक्यात आपोआप लिहिली जात होती आणि मला ती थांबवता येत नव्हती. वयाच्या जागी मी अडले. आईचं वय शहात्तर की सत्त्याहत्तर हे मला आठवेना.

पवईच्या अलीकडे सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या. आकाशी टप प्रथम मास्टरांना दिसला. टेम्पो थांबायच्या आत ते उतरले आणि गाड्यांच्या मधून धावत सुटले. साठी उलटलेला, पायात रबरी चपला घातलेला माणूस. मी मागून पोचले तेव्हा ते गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसले होते. डिकीखाली डांबरावर एक ओला डाग होता, हाताच्या पंज्याएवढा, आणि त्यात थेंब पडत होते. सावकाश. एक पडल्यावर दुसरा पडेपर्यंत श्वास घेऊन सोडता येत होता.

इंजिन चालू होतं. शेजारच्या रिक्षाचा ड्रायव्हर बिडी ओढत होता.

मास्टर उठले. आवाज अजिबात न चढवता रिक्षावाल्याला म्हणाले, "भाऊ, ती बिडी आतच विझव. बाहेर नको टाकू." त्याने डागाकडे पाहिलं आणि बिडी स्वतःच्या पाण्याच्या बाटलीत घातली. मग मास्टर दादाच्या खिडकीशी गेले. "साहेब, इंजिन बंद करा. बाकी कशाला हात लावू नका. दिवे नाही, काही नाही. उतरा." दादाने त्यांचा चेहरा पाहिला आणि किल्ली फिरवली.

मी मागचं दार उघडलं. आईला धरायला वाकले तर मास्टरांनी माझा हात मागे सारला. "ओढू नका, खुबा आहे. त्या उठतील. आई, दुकानात उठला होतात तशा उठा."

"झालं काय पण?" आई म्हणाली. तिने पाय बाहेर टाकले, कट्ट्यावर मनगट टेकलं आणि उठून उभी राहिली. तीन सेकंद लागले असतील. जुन्या सीटवरून तिला काढायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागत. मी तिला पदपथावर नेलं. तिथे ती म्हणाली, "मला वास येत होता गं मघापासून. म्हटलं नव्या सीटचा असेल."

दादाने आणि रिक्षावाल्याने गाड्या मागे थोपवल्या. मास्टरांनी बॉनेट उघडायला बंदी केली, बॅटरीच्या ठिणगीच्या भीतीने. मग त्यांनी डिकी उघडली. टाकीच्या वरच्या भागात, जुन्या, गंजून पातळ झालेल्या पत्र्यात स्क्रूचं टोक शिरलं होतं. सभोवती ओलं होतं. दादा म्हणाला, "काढा तो आधी."

"काढला तर धार लागेल. तोच आता बूच आहे." मास्टर माझ्याकडे वळले. "ताई, कपड्याचा साबण आणा. वडी. पळा."

पदपथापलीकडच्या दुकानातून साबण आणला. त्यांनी वडी हातांनी मळली आणि स्क्रूभोवती अंगठ्याने दाबत गेले, सीटचा काठ दाबतात तसा, एकसारखा. थेंब थांबले. गाडी चौघांनी ढकलून कडेला घेतली. दोन तासांनी एक मेकॅनिक आला, त्याने नळीने पेट्रोल काढून घेतलं. ते दोन तास मास्टर डिकीशी उभे होते, अंगठा स्क्रूवर. दादाने पाणी दिलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने घेतलं.

काहीही झालं नाही. बातमी झाली नाही. वाहतूक बारा मिनिटं खोळंबली, एवढीच नोंद.

टाकीला दुसऱ्याकडून ठिगळ लावून घेतलं आणि फळी मास्टरांनीच पुन्हा बसवली, आखूड स्क्रूंनी, माझ्यासमोर मोजून. काम झाल्यावर म्हणाले की महिनाअखेर दुकान बंद करतोय. मी म्हटलं, "मास्टर, घाई मी केली होती. तुम्ही मोजणार होतात."

"स्क्रू त्याच्या आधी गेला होता," ते म्हणाले. त्यांनी इडलीपात्राच्या थाळ्या पुसून एकात एक ठेवल्या. "आई इतक्या खूश होत्या ना, त्या दिवशी मला भीतीच वाटली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हाताला जड लागलं आणि तरी वाटली नाही." मग म्हणाले, "एकदा नाही वाटली, म्हणजे परत नाही वाटणार."

मास्टरीणबाई डबा घेऊन दारात उभ्या होत्या. नेहमीचं काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांनी डबा ठेवला आणि इडलीपात्र स्वतःच्या पिशवीत घातलं.

दुकान रिकामं झालं त्या दिवशी आई हट्टाने आली. "यांना आपण घरी सोडायचं," ती म्हणाली. मास्टर म्हणाले, बस आहे. आई मागचं दार उघडून उभी राहिली. "मी बसतेच ना रोज त्या सीटवर? बसा."

गाडी मी चालवत होते. पुढे माझ्या शेजारी मास्टरीणबाई बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन. मागे आई, आणि तिच्या शेजारी मास्टर. त्यांनी पट्टा लावला, ओढून पाहिला, पुन्हा लावला. दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. अंधेरीचा पूल मागे पडला. आरशात मला त्यांचे मिटलेले डोळे दिसत होते आणि नाकपुड्या. ते वास घेत होते.

सात बंगल्यांच्या सिग्नलला आईने विचारलं, "मास्टर, भीती वाटतेय?"

"वाटतेय, आई."

"मग बरोबर चाललंय," आई म्हणाली.

मास्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी पदराने तोंड झाकलं. त्या हसत होत्या की नाही ते मला दिसलं नाही.

कोळीवाड्याच्या तोंडाशी मास्टर उतरले. आईला नमस्कार केला आणि गाडीच्या मागे गेले. मी इंजिन बंद केलं, कारण ते सांगणारच होते. डिकी उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने हॉर्न दिला, तरी नाही. शेवटी डिकी लागली आणि पत्र्यावर तळव्याच्या दोन थापा पडल्या.

"जा," मास्टर म्हणाले.